बंबाची टोपी आणि गीझरची ज्योत

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीच्या आदल्या संध्याकाळी आमच्या बेळगावच्या गल्लीत दोन भाषांत एकच काम चाले. आमच्या घरी आई तांब्याचा बंब चिंचेने आणि राखेने घासून लख्ख करी, आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या कानडी घरात 'नीरु तुंबुव हब्ब' असे. पाणी भरण्याचा सण. बच्चलातला हंडा घासायचा, त्याला हळदकुंकू लावायचे, फुले वाहायची, ताजे पाणी भरायचे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तेच पाणी तापवून अभ्यंगस्नान. आमच्याकडे या कामाला स्वतंत्र नाव नव्हते, पण बंबाला कुंकवाचे बोट लावल्याशिवाय आईही त्यात पाणी ओतत नसे. पाणी तापवायच्या भांड्याची पूजा करणारी माणसे आपण. त्या भांड्याचा इतिहास मात्र फारसा कुणी सांगत नाही.

ज्या धाकट्या वाचकांनी बंब फक्त आजोळच्या माळ्यावर पालथा पडलेला पाहिला असेल, त्यांच्यासाठी थोडे वर्णन करतो. तांब्याचे उभे पिंप. त्याच्या मधोमध खालपासून वरपर्यंत आरपार गेलेले एक नळकांडे. नळकांड्याच्या तळाशी लोखंडी जाळी, जाळीखाली राख पडायला जागा. नळकांड्यात गोवऱ्या, ढलप्या, नारळाची सोडणे घालून पेटवायचे. जाळ आतल्या नळकांड्यात, पाणी त्याच्या भोवती, आणि नळकांड्याच्या वरच्या तोंडावर एक टोपी. जाळ संपून नुसता निखारा उरला की टोपी घालायची, म्हणजे ऊब टिकते. नाव मात्र गमतीचे. पोर्तुगीज भाषेत 'बोंबा' म्हणजे पंप. त्यावरून आग विझवणारा तो बंब, आणि पोटात आग घेऊन उभा असलेला हाही बंबच!

बंब धुमसायला लागला, न्हाणीत धूर कोंदला, की आजी ओसरीवरूनच तीन प्रश्न विचारी. "राख काढलीस का? टोपी काढलीस का? फार कोंबलंस का?" चौथा प्रश्न नाही. खालून हवा येते का, वरून धूर जातो का, आणि जेवढी हवा आहे त्याहून सरपण जास्त तर झाले नाही ना, एवढेच तिला हवे असे. आजी शाळेत गेलेली नव्हती. पण पुढे मी युरोपातल्या गरम पाण्याच्या यंत्रांचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा लक्षात आले की या तीन प्रश्नांची उत्तरे नीट द्यायला तिकडच्या कारागिरांना आणि शास्त्रज्ञांना अर्धे शतक लागले होते, आणि मध्ये बरीच माणसे गेली होती.

हे वाचन मी हौसेने सुरू केले नाही. २०१४ सालच्या दिवाळीत आमच्याच घरात एक प्रसंग घडला. बंब तोपर्यंत भंगारात गेला होता आणि न्हाणीघरात एका दुकानातून आणलेला, सिलिंडरवर चालणारा छोटा गीझर बसला होता. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा. दुकानाच्या माणसाने तो अर्ध्या तासात भिंतीवर ठोकून दिला, बटन दाबून ज्योत दाखवली आणि तो गेला. नरक चतुर्दशीच्या पहाटे घरातली चार माणसे एकापाठोपाठ एक न्हाऊन बाहेर आली. बाहेर थंडी, म्हणून प्रत्येकाने दार घट्ट लावलेले. पाचवा माझा भाचा, धारवाडहून आलेला. तो आत गेला आणि बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज येत राहिला. बहिणीने हाक मारली, उत्तर नाही. दार फोडले तेव्हा तो बादलीशेजारी आडवा पडला होता, डोळे अर्धवट उघडे. आम्ही त्याला ओढून अंगणात आणला, मग इस्पितळात नेला, तिथे प्राणवायू दिला. दुपारपर्यंत तो बोलू लागला. वाचला. त्या दिवशी फराळाच्या ताटांना कुणी हात लावला नाही.

न्हाणीघराच्या झरोक्यावर डासांसाठी जाळी होती, आणि थंडीचे दिवस म्हणून जाळीवर प्लायवूडचा तुकडा ठोकलेला होता. तो तुकडा मी स्वतः ठोकला होता.

तेव्हा आता त्या यंत्राकडे वळू. 'गीझर' हा शब्द आइसलँडमधला. त्या बेटावर हाउकादालुर नावाच्या खोऱ्यात उकळते पाणी जमिनीतून उसळून वर फेकणारा एक झरा आहे. त्याचे नाव गेयसीर. १८६८ साली लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन नावाच्या गृहस्थाने गॅसवर पाणी तापवणारे यंत्र काढले आणि त्याला हे नाव दिले. मॉन हा व्यवसायाने रंगारी, घरे रंगवणारा, सजवणारा. गार पाणी वरून यायचे, खाली गॅसची शेगडी, तिच्या उष्ण वायूंनी वाटेत तापून पाणी थेट टबात पडायचे. चूल पेटवा, हंडा चढवा, मोलकरणीकडून बादल्या वाहून आणा, हे सारे एका चावीवर आले. लंडनला यंत्र आवडले यात नवल नाही.

पण मॉनच्या यंत्राला धुराडे नव्हते. जळलेला वायू जायचा तो त्याच न्हाणीघरात, आंघोळ करणाऱ्याच्या नाकाशी. आजीच्या तीन प्रश्नांपैकी दुसरा त्याला कुणी विचारलाच नसावा. याहून वाईट म्हणजे पाणी आणि गॅस यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. आधी पाणी सोडायचे, मग गॅस पेटवायचा. क्रम चुकला की भांडे कोरडे तापणार. गॅस आधी सोडून काडी उशिरा लावली की साचलेला वायू एकदम पेटून भडका उडणार. घरात गीझर असणे म्हणजे थोडे धाडस असणे, अशी त्या काळची परिस्थिती होती.

आणि तो गॅस आपला आजचा गॅस नव्हता. दगडी कोळसा बंद भट्टीत तापवून काढलेला तो वायू. १८६५ साली मुंबईच्या रस्त्यांवर जे दिवे लागले ते त्याच गॅसचे. त्यात हायड्रोजन होता, मिथेन होता, आणि न जळताच विषारी असलेला कार्बन मोनॉक्साइडही होता. म्हणजे गळती झाली तरी विष, आणि अर्धवट जळला तरी विष.

ज्योत अर्धवट का जळते, याचे उत्तर खरे तर मॉनच्या आधीच सापडले होते. जर्मनीत हायडेलबर्गच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट बुन्सेनला काजळी न धरणारी, प्रकाश कमी आणि उष्णता जास्त देणारी ज्योत हवी होती. १८५५ च्या सुमारास त्याने आणि त्याचा यंत्रकारागीर पेटर डेसागा याने नळीच्या बुडाशी भोके ठेवली. गॅस नळीतून वर जाताना त्या भोकांतून हवा ओढून घेतो आणि दोन्ही मिसळून वर येऊन जळतात. शाळेच्या प्रयोगशाळेत आपण सगळ्यांनी ती चकती फिरवून पाहिली आहे. भोके उघडी असली की ज्योत निळी. बंद केली की पिवळी, डुलणारी, आणि वर धरलेली परीक्षानळी काळी होते. पिवळा रंग हा पुरेशी हवा न मिळाल्यामुळे न जळता तापून लाल-पिवळ्या झालेल्या कार्बनच्या कणांचा असतो. तेच कण गार झाले की काजळी. आज तुमच्या स्वयंपाकघरातली शेगडी आणि न्हाणीघरातला गीझर दोन्ही बुन्सेनच्याच कुळातले आहेत, आणि त्यांच्या दुखण्याचे पहिले लक्षण तेच आहे.

पुढच्या पिढीत जर्मनीनेच गीझरला शिस्त लावली. १८९४ साली योहान व्हायलंटने असा गीझर काढला की ज्यात जळलेला वायू पाण्याला शिवत नाही. पाणी बंद मार्गाने जाते आणि वायू वेगळ्या वाटेने. त्याच सुमारास हुगो युंकर्सनेही देसाऊ गावात गॅसवर चालणारे बंब बनवायला सुरुवात केली. युंकर्सचे काम मला विशेष वाटते, कारण त्याने आधी एक मोजमापाचे यंत्र केले होते. किती गॅस जाळला की किती उष्णता मिळते, हे वाहत्या पाण्याच्या तापण्यावरून मोजणारे. हाच माणूस पुढे विमानांकडे वळला आणि १९१५ साली संपूर्ण धातूचे पहिले विमान त्याच्या कारखान्यातून उडाले. पातळ पत्र्याला वळणे, घड्या आणि पंख कसे द्यायचे हे तो न्हाणीघरात शिकला असे म्हणायला हरकत नाही! आजही गीझरचे पुढचे झाकण काढले तर ज्योतीच्या वर तांब्याच्या पातळ पत्र्यांची दाट फणी दिसते, तिच्यातून पाण्याची नळी फिरलेली. उष्ण वायू फणीच्या फटींतून वर जातो आणि जाता जाता पाण्याला उष्णता देतो. या फटी ध्यानात ठेवा. त्यांच्याकडे पुन्हा यायचे आहे.

आता त्या विषाबद्दल. १८५७ साली फ्रान्सच्या क्लोद बेर्नारने दाखवले की कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या प्राणवायूची जागा बळकावतो. रक्तातले हिमोग्लोबिन या वायूला प्राणवायूपेक्षा दोनशे ते अडीचशे पट घट्ट धरते, म्हणून हवेत त्याचा अंश अगदी थोडा असला तरी तो हळूहळू रक्तात साचत जातो. माणसाला गुदमरल्यासारखे वाटत नाही. छाती भरून येत नाही, खोकला येत नाही. डोके जड होते, मळमळते, पाय लटके पडतात, आणि 'जरा बसावे' असे वाटते. तो बसतो, आणि उठत नाही.

हे सगळे स्वतःवर करून पाहिले जॉन स्कॉट हॉल्डेन या स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञाने. १८९५ साली त्याने मोजून मापून हा वायू स्वतः हुंगला आणि आपल्याला काय होते आहे याची टिपणे केली. खाणीत उतरणाऱ्यांनी सोबत उंदीर किंवा कॅनरी पक्षी न्यावा हा सल्लाही त्याचाच. एवढासा जीव, त्याचा श्वास जलद, म्हणून तो माणसाच्या आधी कोसळतो. ब्रिटनच्या खाणींतून कॅनरी १९८६ पर्यंत होत्या. हॉल्डेनचा मुलगा जे. बी. एस. हॉल्डेन, ज्यांनी पुढे भारताचे नागरिकत्व घेतले आणि १९६४ साली भुवनेश्वरला देह ठेवला, त्यांनी लहानपणची एक आठवण सांगून ठेवली आहे. वडिलांनी त्यांना खाणीत नेले, छताशी मिथेन साचलेल्या जागी उभे केले आणि शेक्सपिअरच्या नाटकातले भाषण म्हणायला सांगितले. थोड्याच ओळींत मुलगा धापा टाकू लागला, पाय गेले आणि तो खाली पडला. खाली हवा बरी होती म्हणून शुद्धीवर आला. मिथेन हलका, तो वर जातो. आपला सिलिंडरमधला गॅस, म्हणजे प्रोपेन-ब्युटेन, हवेहून जड. तो गळला तर जमिनीवर पसरतो, म्हणून त्याच्यासाठी खाली झरोका हवा. आणि कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ हवेइतक्याच वजनाचा, तो सगळीकडे सारखा मिसळतो. वर नाही, खाली नाही. त्याच्यापुढे लहान हॉल्डेनसारखे पडून वाचता येत नाही.

१९०२ सालच्या सप्टेंबरात पॅरिसमध्ये एमिल झोला हा थोर कादंबरीकार झोपेतच गेला. शेजारी त्याची बायको बेशुद्ध, ती वाचली. शयनगृहातल्या शेकोटीचे धुराडे तुंबले होते. चौकशी करणाऱ्यांनी त्याच खोलीत पुन्हा शेकोटी पेटवली, रात्रभर गिनीपिग ठेवले. सकाळी गिनीपिग जिवंत! ड्रेफस प्रकरणात झोलाने सत्तेशी वैर घेतले होते, त्यामुळे संशयाला ऊत आला, आणि कुणीतरी मुद्दाम धुराडे बुजवले होते असे १९५३ साली एका फ्रेंच वर्तमानपत्राने छापलेही. खरे खोटे देव जाणे. मला त्या गिनीपिगांची गोष्ट वेगळ्या कारणासाठी महत्त्वाची वाटते. धुराड्याचे दुखणे दर वेळी हजर नसते. वारा फिरला, बाहेर ऊन पडले, कुणी खिडकी किलकिली ठेवली, की तेच धुराडे ओढू लागते. म्हणून 'काल तर नीट चालत होता' या वाक्याला गीझरच्या बाबतीत काही किंमत नाही. आमच्याही घरी तो दीड वर्ष नीट चालत होता.

युरोपाने या अनुभवातून जे शहाणपण घेतले ते दोन प्रकारचे. एक, गीझरच्या डोक्यावर धुराड्याआधी उघड्या कडांची एक टोपी बसवणे, म्हणजे वाऱ्याचा झोत धुराड्यातून उलटा आला तरी तो ज्योतीवर न आदळता कडेने निघून जावा. दुसरे शहाणपण दुसऱ्या महायुद्धानंतर सर्वत्र पसरले आणि तेच खरे मोठे: यंत्राला घरातली हवा द्यायचीच नाही. भिंतीतून दोन वाटा बाहेर काढायच्या, एकीने बाहेरची हवा आत यायची, दुसरीने जळलेला वायू बाहेर जायचा. दोन्हींची तोंडे शेजारी शेजारी, म्हणून वारा कसाही वाहिला तरी दोन्हींवर सारखाच दाब. न्हाणीघर आणि ज्योत यांचा संबंधच तुटला.

आपल्याकडे सिलिंडरचा गॅस १९५५ साली मुंबईत आला, 'बर्शेन' या नावाने. 'इंडेन' १९६५ साली. छोटे गीझर मात्र आपल्या गावांत खऱ्या अर्थाने शिरले ते त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, भारनियमनाच्या काळात. पहाटे वीज नाही, बंब काढून टाकलेला, गॅस घरात आहेच. दोन बॅटरीच्या सेलवर पेटणारा, चार हजारांत मिळणारा, धुराड्याची नळी नसलेला डबा लोकांनी घेतला, आणि घेतला यात त्यांची काही चूक नव्हती. मॉनच्या १८६८ च्या यंत्रातली उणीव त्यांच्यासोबत नव्याने घरात आली, एवढेच. फरक इतकाच की लंडनच्या जुन्या खिडक्या फटींच्या होत्या, आणि आपली नवी न्हाणीघरे टाइल लावलेली, सरकत्या काचेची, हवाबंद. २००० सालानंतर आपल्या देशातले मेंदूचे डॉक्टर न्हाणीघरात फिट येऊन पडणाऱ्या रुग्णांबद्दल लिहू लागले. अनेकांना अपस्माराची औषधे चालू झाली होती. दोष गीझरचा होता.

आकड्यांत सांगतो, म्हणजे पटेल. मिनिटाला सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायचे तर मिनिटाला दीडशे किलोकॅलरी लागतात. तोटा धरून तासाला साधारण एक किलो गॅस. एक किलो गॅस पुरता जळायला सुमारे साडेपंधरा किलो हवा लागते. हिशेब केला तर मिनिटाला दोनशे लिटरच्या वर हवा होते. आमचे न्हाणीघर पाच फूट बाय सहा फूट, उंची आठ फूट. म्हणजे आत हवा आहे सहा हजार आठशे लिटर. चार माणसांच्या आंघोळीला तीस मिनिटे धरा. पाचवा माणूस आत जाईपर्यंत त्या खोलीत होती तेवढी हवा एकदा ज्योतीतून जाऊन आली होती! दार उघडता-मिटता थोडी नवी हवा आली असेल, तेवढ्यावर तो वाचला. आणि ज्योत बिघडायला हवेतला सगळा प्राणवायू संपावा लागत नाही. एकवीस टक्क्यांतले दोन-तीन टक्के कमी झाले की ती विष करू लागते.

वास का आला नाही, हा प्रश्न माझ्या बहिणीने कितीदा तरी विचारला. गॅसला मूळचा वास नसतो. आपल्याला येतो तो मुद्दाम मिसळलेल्या गंधकयुक्त द्रव्याचा. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावी शाळेच्या तळघरात बिनवासाचा गॅस साचून स्फोट झाला आणि सुमारे तीनशे जण गेले, बहुतेक मुले. त्यानंतर तिथे गॅसला वास देण्याची सक्ती झाली. पण तो वास न जळलेल्या गॅसचा. ज्योतीत गॅसबरोबर तोही जळतो, आणि उरलेल्या विषाला काहीच वास राहत नाही. 'वास येत नाही ना, मग ठीक आहे' हा समज पुष्कळ शिकल्या-सवरल्या घरांतही आहे.

प्रसंगानंतर तिसऱ्या दिवशी मी एका जुन्या मिस्त्रींना बोलावले. साठीच्या पुढचे, कानडी बोलणारे, मराठी समजणारे. त्यांनी न्हाणीघरात पाऊल टाकले, झरोक्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "बेंकिगे गाळि बेकु, साहेब." विस्तवाला वारा लागतो. मग सिलिंडर बंद करून त्यांनी गीझरचे झाकण काढले.

तांब्याच्या त्या फणीच्या फटी काजळीने निम्म्या बुजल्या होत्या. हे दुखणे कसे वाढत जाते ते मिस्त्रींनी मला बोटाने दाखवले. हवा कमी पडली की ज्योत पिवळी, पिवळ्या ज्योतीची काजळी फणीत बसते, फणी बुजली की वायू वर जाईना, वायू वर गेला नाही की खालून नवी हवा येईना, की ज्योत आणखी पिवळी. एकदा सुरू झाले की ते आपल्या पायाने चालत राहते. शेगडीच्या एका नळीच्या तोंडाशी कोळ्याचे जाळे निघाले. बोटाच्या पेराएवढे, पांढरे. त्या भोकातूनच बुन्सेनची हवा जायची! गॅसच्या नळ्यांत घर करणे कोळ्यांना आवडते हे मिस्त्रींनी सांगितले, आणि पावसाळ्यानंतर हमखास. दुसऱ्या नळ्यांत अंगाला लावायच्या पावडरचा आणि टॉवेलच्या धाग्यांचा गाळ. वर पाहिले तर गीझरच्या डोक्यापासून माळ्याची फळी जेमतेम वीतभर. फळीची खालची बाजू काळी. जळलेला वायू फळीवर आपटून खालीच येत होता.

राख, टोपी, कोंबणे. आजी असती तर दारातूनच ओळखले असते.

मला एक गोष्ट मागाहून आठवली आणि अजून बोचते. त्या दिवाळीच्या आधी महिनाभर गीझर पेटताना 'भप्प' असा आवाज करी, आणि कधी कधी आंघोळीच्या मध्येच आपोआप विझे. आम्ही पुन्हा पेटवायचो. 'भप्प' म्हणजे सेल कमजोर होऊन ठिणगी उशिरा पडणे आणि तोवर गॅस साचणे. सेल बदलले की ते जाते. पण मध्येच विझणे ही वेगळी गोष्ट. नळाचा दाब कमी झाला, किंवा वीस मिनिटांनी बंद होण्याची सोय त्यात असली, तर ते ठीक. तसे काही नसताना ज्योत विझते, तेव्हा बहुधा तिला हवा मिळत नसते. चांगल्या यंत्रांत तर मुद्दाम अशी छोटी ज्योत ठेवतात की प्राणवायू थोडा कमी झाला की ती आपल्या जागेवरून उचलली जाते आणि गॅस बंद होतो. कॅनरीच ती. ती कोसळली की आपण बाहेर पडायचे, तर आम्ही तिला काडी लावत होतो.

मिस्त्रींनी फणी काढून अंगणात ब्रशने आणि पाण्याने धुतली, नळ्या तारेने साफ केल्या, आणि मग तो गीझर पुन्हा न्हाणीघरात लावायला साफ नकार दिला. मागच्या पडवीत, उघड्यावर, पावसाची झड येणार नाही अशा कोपऱ्यात त्यांनी तो बसवला आणि भिंतीला भोक पाडून फक्त गरम पाण्याची नळी आत घेतली. नळी लांबली म्हणून सुरुवातीला दोन तांबे पाणी गारच येते. माझी बायको कुरकुरते. झरोक्यावरचा प्लायवूड मी त्याच दिवशी काढला. शेजारच्या कानडी घरात न्हाणीतून वारा ओढणारा पंखा लावून 'आम्ही हवेची सोय केली आहे' असे सांगत होते. मिस्त्री तिथेही गेले. दार बंद करून तो पंखा चालवला तर खोलीत हवा यायला वाटच नाही, मग तो गीझरच्या धुराड्यातूनच जळलेला वायू खाली ओढतो. पंख्याला खालून हवा यायला दाराला जाळी हवी, आणि खरे तर गीझरच बाहेर हवा. त्यांनीही तो बाहेर काढला. विचारले तर त्यांच्या आजी म्हणाल्या, आमच्या खेड्यातल्या घरी बच्चलाच्या चुलीचे तोंड बाहेरच्याच बाजूला असे, परसात बसून जाळ घालायचा आणि आत न्हायचे.

मिस्त्रींनी जाताना एक युक्ती दाखवली, ती सांगतो. ज्यांचा गीझर धुराड्याचा आहे आणि घरात आहे, त्यांनी तो पेटवून पाच मिनिटे चालू द्यावा, आणि मग टोपीच्या उघड्या कडेशी पेटती उदबत्ती धरावी. दारे-खिडक्या रोज असतात तशाच ठेवून. उदबत्तीचा धूर आत ओढला गेला पाहिजे. तो घुटमळला किंवा तुमच्या तोंडाकडे आला, तर गीझर बंद करायचा, दार उघडायचे आणि माणूस बोलवायचा. गॅसचा वास येत असेल तर अर्थात उदबत्तीही नाही, काडीही नाही, आणि दिव्याच्या बटणालाही हात नाही. आणि कुणाला न्हाणीघरात चक्कर आलीच, तर कांदा हुंगवत बसू नये. आधी मोकळ्या हवेत ओढून आणावे, गॅस बंद करावा, आणि इस्पितळात 'घरात गॅसचा गीझर आहे' हे शब्द पहिल्याप्रथम सांगावेत. आमच्या भाच्याच्या वेळी हे कुणाला सुचले नव्हते. डॉक्टरीणबाईंनी स्वतःहून विचारले म्हणून निभावले.

भाचा आता पुण्याला नोकरीला असतो. दर दिवाळीला येतो. आदल्या संध्याकाळी आई बंब घाशी त्या वेळेला तो पडवीत स्टूल ठेवून गीझरचे झाकण काढतो, विजेरी लावून नळ्यांत कोळी पाहतो, फणीवरून बोट फिरवतो. गेल्या वर्षी बोट स्वच्छ निघाले. त्याची आई मागे उभी होती. तिने डब्याला कुंकवाचे बोट लावले आणि दोघे फराळाला आत आले.